एक बांगडी बाकी

परदेशी माणूस मी आयुष्यात जवळून एकच पाहिलं, आणि ते आमच्या चिंचवडात जन्मलेलं होतं. सरकारी कागदावर ती पाकिस्तानची नागरिक होती. आमच्या लेखी ती मणेरीण मावशी, घरोघर फिरून बांगड्या भरणारी. तिचा बाप इथलाच, नवरा इथल्याच कबरस्तानात पुरलेला, मुलगा दापोडीला मोटारी दुरुस्त करायचा. तिला परदेशी कुणी आणि कसं केलं, हे मला नीट माहीत आहे, कारण मी तिथं होते. म्हणून लिहिते. कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तर झोंबोत.

लग्न होऊन मी साताऱ्याकडून इथं आले तेव्हा चिंचवड हे नदीकाठचं गाव होतं. पिंपरीत सिंधमधून आलेल्या लोकांचा कॅम्प होता आणि औषधाचा मोठा कारखाना नुकता उभा राहत होता. आमचे यजमान लष्करी डेपोत फिटर होते. मी नवी, तोंडानं फटकळ, आणि सासूही तशीच. आमचं पहिल्या आठवड्यातच वाजलं. त्या भांडणाच्या ऐन मध्यात मावशी दारात आली. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, डोक्यावर टोपली. तिनं टोपली उतरवली, सासूला म्हणाली, "जरा दम खा, सुनंचा हात बघू दे," आणि माझा हात धरून बसली. मी हात आखडला.

"हात ढिला सोड गं. मी काय तोडून न्हेतीय व्हय?"

मी हसले आणि तेवढ्यात बांगडी मनगटात गेलीही होती. तिची हीच रीत होती. बोलून बोलून बाईला हसवायची किंवा चिडवायची, आणि लक्ष तिकडं गेलं की हाताचं हाड दाबून बांगडी आत सरकवायची. दुखलं हे नंतर कळायचं. भरून झालं की बाईनं तिला हात जोडून नमस्कार करायचा. पाटलाची असो, ब्राह्मणाची असो, नमस्कार केल्याशिवाय उठायचं नाही. हा रिवाज गावात तिच्या सासूच्या सासूपासून चालत आला होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

दुसरा एक नेम होता, आणि तो फार कडक. भरता हात अर्धा सोडून उठायचं नाही. भरणारीनं नाही आणि भरून घेणारीनंही नाही. अर्धा भरलेला हात म्हणजे अपशकुन, तोही सवाष्णीच्या हाताला. एका लग्नघरी चुडा भरताना अंगणात साप निघाला. वऱ्हाडी पळाले, नवरीची आई ओट्यावर चढून बसली. मावशीनं नवरीचा हात सोडला नाही. "त्येला त्येच्या वाटंनं जाऊ द्या," म्हणाली आणि उरलेल्या बांगड्या शांतपणे भरल्या. साप गेला. गावात ही गोष्ट कौतुकानं सांगत असत, आणि दर वेळी तो साप थोडा लांब होत असे.

आता ती परदेशी कशी झाली ते सांगते.

तिनं मुलगी फाळणीच्या आधी कराचीला दिली होती. जावई तिथं गोदीत कामाला होता. तेव्हा कराची म्हणजे मुंबईहून बोटीत बसून जायचं एक गाव होतं, नाशिक-नगरसारखंच, फक्त मध्ये पाणी. पुढं देश तुटला. नंतर मुलीला पहिल्यांदा दिवस गेले. सातव्या महिन्यात आईच्या हातचा हिरवा चुडा हवा. सगळ्या गावाच्या लेकींना बांगड्या भरणारी बाई स्वतःच्या लेकीचा हात रिकामा कसा ठेवील? तिनं परवाना काढला, टोपली भरली आणि बोटीनं गेली.

ती तिथं असताना कायदा बदलला. परवान्याचा जमाना संपला आणि पासपोर्ट आला. परत निघताना तिथल्या एका दलालानं सांगितलं, हे पुस्तक घेतल्याशिवाय बोटीत पाऊल ठेवू देत नाहीत. त्यानं तिचा फोटो काढून आणला आणि अंगठा घेतला. तिला वाटलं, हे तिकीट आहे. लांबच्या गावाचं म्हणून जाडजूड. चिंचवडात आल्यावर तिनं ते दारोदार दाखवलं. "आता तिकटावर फोटू बी काढत्यात," म्हणाली. आम्ही बायका तो फोटो बघून हसलो, कारण तिचा एक डोळा मिटलेला आला होता. चौकीतल्या जमादारानं पाहिलं, तोही हसला. मग ते पुस्तक बांगड्यांच्या टोपलीत, तळाच्या मऊ कागदांत गेलं. पाकिस्तानचा पासपोर्ट घेऊन ती हिंदुस्थानात मुदतीची पाहुणी म्हणून आली आहे, हे ना तिला कळलं ना आम्हाला. मुदत संपली तेव्हा ती माझ्या नणंदेच्या लग्नाचा चुडा भरत होती.

अशी काही वर्षं गेली. जमादाराला पुढं कधीतरी खरं काय ते कळलं असावं. पण तो इथलाच माणूस. त्याच्या बायकोचा चुडा मावशीनंच भरलेला. त्यानं डोळ्यांवर कातडं ओढलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मग उत्तरेकडं एका भरल्या पॅसेंजर गाडीत बॉम्ब फुटला.

बातमी यजमानांनी डेपोतून आणली. माणसं किती मेली ते मी सांगत नाही, मेलेल्यांची मोजदाद करायला बाकीचे असतात. मला एवढंच आठवतं की त्या डब्यात एक लग्नाचं वऱ्हाड होतं. मावशी आमच्या ओसरीवर बसून रडली. "कुन्या बाईनं त्या पोरीचा चुडा भरला आसंल गं," एवढंच म्हणत राहिली. ज्यांनी हे केलं त्यांना मी त्या दिवशी मोठ्यानं शिव्या दिल्या, सासूसमोर. आजही देते. माणसं अशी गाडीत बसल्या जागी मारून टाकणाऱ्यांना माझ्याजवळ माफी नाही, हे आधी सांगून ठेवते. कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल, बाईला देशाची काळजी नाही.

पेपरात आलं, परक्या हस्तकांचा हात आहे. महिन्याभरात सगळंच बदललं. डेपोच्या फाटकावर फोटोचे पास आले. कामगारांना विचारू लागले, घरी कोण येतं, कोण जातं, पाकिस्तानात नातं आहे का. गावात दवंडी पिटली, की बाहेरचा माणूस मुक्कामाला ठेवाल तर चौकीत वर्दी द्या. पिंपरीच्या कॅम्पात जाऊन पोलिसांनी निर्वासितांची कार्डं पुन्हा तपासली. त्या लोकांनी सारं गमावून हा देश धरला होता, आणि त्यांनाही पुन्हा रांगेत उभं केलं. ज्यांच्याकडं पाकिस्तानी पासपोर्ट आहे आणि मुदत सरली आहे त्यांना यापुढं वाढ नाही, असा वरून हुकूम आला.

ज्यांनी बॉम्ब ठेवला ते सापडले की नाही, मला ठाऊक नाही. मावशी मात्र सापडली. तिला शोधायला काहीच कष्ट पडले नाहीत, ती रोज आमच्या आळीतून ओरडत जात होती.

जमादार हुकूम घेऊन तिच्या घरी गेला आणि मान खाली घालून वाचून दाखवला. ठरलेल्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरनं तिला पुण्याला न्यायचं, आणि तिथून अशाच इतर लोकांबरोबर पहाऱ्यात सरहद्दीवर. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माजं पोरगं बी पाकिस्तानी हाय का?"

"न्हाई. त्यो हितलाच."

"आन् मी त्येची आई?"

जमादारानं हुकमाची घडी घालून खिशात ठेवली.

तिच्या मुलानं धावपळ करून पुण्यातले एक वकील गाठले. त्यांनी कोर्टात अर्ज टाकला. सुनावणी मिळाली, पण ती हुकमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची. वकिलांनी स्पष्ट सांगितलं की बाई इथं असेल तर मनाईहुकूम मिळेल, एकदा सरहद्दीपलीकडं गेली की कुठलंच कोर्ट काही करू शकणार नाही. म्हणजे सगळं एका दिवसावर आलं. मुलानं जमादाराचे पाय धरले. जमादार म्हणाला, "बाबा, कोर्ट येक दिस मागनं हाय, हुकूम आदल्या दिसाचा हाय. मी काय करू?"

मला तेव्हा सातवा लागला होता. सासूनं हिरव्या बांगड्या भरायचा दिवस काढला होता तो चार दिवस पुढचा. मावशीनं निरोप धाडला, त्या दिवशी मी असेन-नसेन, माझ्या जायच्या दिवशीच सकाळी भरू. "लेकीचा चुडा भराया ग्येले आन् परकी झाले," म्हणाली, "आता तुजा भरते. मंग व्हायचं ते हू दे."

आदल्या संध्याकाळी यजमान मला म्हणाले, "उद्या तिला घरात घेऊ नकोस."

"का?"

"डेपोत विचारतायत. पाकिस्तानी बाईशी संबंध आहे का म्हणून."

"मग सांगा, बायकोचा हात तिच्या हातात असतो."

ते हसले नाहीत. नोकरीचा प्रश्न होता आणि घरात येणारं मूल होतं. त्यांची भीती खोटी नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी म्हणाले, "माझ्या पोटातल्या पोराला पहिला आवाज तिच्या बांगड्यांचा ऐकू जाणार आहे. तुम्ही कामावर जा." दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा न घेताच गेले, हे मला नंतर दिसलं.

मावशी आली ती नेहमीसारखी ओरडत आली. अंगावर धुतलेलं लुगडं. ओसरीवर चटई टाकली होती. आळीतल्या बायका जमल्या होत्या, तिला निरोप द्यायला म्हणून. कॅम्पातली अम्माही आली होती. ही सिंधी बाई कॅम्पात कापड विकायची. कराचीत तिचं घर होतं, ते सोडून आली होती. मावशी कराचीहून परतल्यावर ही तिला तासन् तास विचारत बसायची, अमुक रस्ता आहे का, कोपऱ्यावरचा हलवाई बसतो का. मावशीला माहीत नसेल ते ती खुशाल बनवून सांगायची, आणि अम्मालाही ते कळायचं. अशी त्या दोघींची मैत्री होती. गावातले काही लोक अम्माला म्हणाले होते, तुमचं घर ज्यांनी घेतलं त्यांच्यातलीच ही, तुम्हाला कशाला पुळका? अम्मानं त्यांना काय उत्तर दिलं ते सिंधीत होतं, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मावशीनं माझा उजवा हात भरला. रोजच्यासारखी बोलली नाही. मी हसले नाही, हाड दाबलं ते चांगलंच दुखलं. डावा हात अर्धा झाला आणि दारात जमादार उभा राहिला, बरोबर एक शिपाई.

"मावशी, चल आता. ठेसनावर येळंत पोचाया पायजे."

मावशीचे हात थांबले. तेव्हा माझी सासू पुढं झाली. आयुष्यभर तिनं माझं एक ऐकलं नाही, पण त्या दिवशी ती जे बोलली त्यासाठी मी तिचं सगळं विसरले.

"भरता हात सोडून उठीवतोस व्हय रं? माजी सून सात महिन्यांची हाय. ह्या घराला अपशकुन करून तुजं सरकार वाचनार हाय का?"

जमादारानं माझ्या हाताकडं पाहिलं. अर्ध्या हिरव्या बांगड्या, अर्धं मनगट रिकामं. "बरं, हू दे एवढा हात," म्हणाला आणि पायरीवर टेकला.

मावशी पुन्हा भरू लागली, सावकाश. आणि हात भरत असेतो तिला कुणी उठवणार नाही, हे आम्हा सगळ्यांच्या आधी अम्माच्या ध्यानात आलं. आम्ही या रिवाजात वाढलो होतो म्हणून आम्हाला तो दिसलाच नाही. ती बाहेरून आलेली, तिला लख्ख दिसला. माझ्या हातात शेवटची बांगडी जायची होती तेवढ्यात अम्मा माझ्या शेजारी बसली आणि तिनं आपला हात मावशीच्या मांडीवर ठेवला.

"मेरा भी," म्हणाली. "दोनों हाथ."

मावशीनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हातातली ती शेवटची बांगडी तिनं माळेत परत ओवली आणि अम्माचा हात धरला.

जमादार म्हणाला, "हिचा झाला न्हवं?"

"एक ऱ्हायलीय," मावशी म्हणाली. "मापाची गावंना. मागनं भरते."

आयुष्यात तिनं भरता हात सोडला तो हा एकदाच.

आता सगळ्यांनाच कळलं. अम्मामागं पाटलीण बसली. पाटलिणीमागं सुताराची सून. एकीचा हात संपायच्या आत दुसरी आपला हात पुढं करी. कुणी बोलावलं नव्हतं, पण आळीआळीतून बायका येत राहिल्या. शेतातून आल्या, नदीवरून ओले पदर घेऊन आल्या. ज्यांच्या हातात बांगड्या मावत नव्हत्या त्यांनी घरी जाऊन जुन्या उतरवल्या आणि मोकळ्या हातानं परत आल्या. मावशी आता बोलायला लागली होती. हिची खोडी काढ, तिच्या नवऱ्यावरून चिडव, कुणाला "तुजं हाड लई आडमुठं, तुज्या सासूवानी" म्हण. ओसरी हसत होती. मी भिंतीला टेकून बसले होते. मला वाटलं, देशाचं रक्षण करायचं म्हणजे हेच असणार, आणि ते या बायका करताहेत. आजही मला तसंच वाटतं.

जमादारानं दोनदा घड्याळ बघितलं. शिपाई पोरगेला होता, तो म्हणाला, "हात धरून उठवू का?" जमादार त्याच्यावर खेकसला, "भरत्या हातावरनं? तुला आय-भैन हाय का न्हाई?"

गाडीची वेळ जवळ आली तेव्हा फौजदार सायकलवरून आला. हा माणूस बाहेरचा, नव्यानं बदलून आलेला. त्यानं ती रांग पाहिली, जमादाराला दोन शब्द सुनावले आणि म्हणाला, "उठवा तिला."

"साहेब, हात भरतोय."

"कसला हात? देशात माणसं मरताहेत आणि तुम्ही बांगड्या भरताय?"

तो रागावला होता, आणि त्याचं वाक्य अगदीच चुकीचं नव्हतं. माणसं मेली होतीच. त्यालाही वरून दट्ट्या असणार. पण त्यानं पुढं होऊन मावशीचं मनगट धरलं आणि ओढलं. मावशीच्या मुठीत तेव्हा दुसऱ्या बाईचा हात होता. तो ओढला गेला. बांगड्या कटकन मोडल्या आणि रक्त चटईवर आलं.

तो हात जमादाराच्या बायकोचा होता. ती केव्हा येऊन रांगेत बसली होती हे जमादारानंही पाहिलं नव्हतं.

सवाष्णीच्या बांगड्या तिचा नवरा समोर उभा असताना परक्या पुरुषाच्या हातानं मोडल्या, याचा अर्थ काय होतो ते फौजदाराखेरीज सगळ्यांना माहीत होतं. आमच्यात तर तसा शब्दही उच्चारत नाहीत, बांगडी वाढली असं म्हणतात. जमादार उठला. त्यानं टोपी काढून पायरीवर ठेवली आणि मावशी व फौजदार यांच्यामध्ये उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "माज्या बायकूचा हात भरून हुईपातूर ही बाई उठायची न्हाई. मंग माजी नोकरी घ्या."

त्याची बायको रडत नव्हती. तिनं पदरानं रक्त पुसलं, फुटके तुकडे झाडले आणि हात पुन्हा मावशीच्या मांडीवर ठेवला. मावशीनं भरायला सुरुवात केली. एकही बांगडी चुकली नाही. स्टेशनाकडून शिटी ऐकू आली. गाडी आली, थांबली आणि गेली. फौजदारानं ती ऐकली. चटईवरच्या रक्ताकडं बघत म्हणाला, "उद्या दुपारची गाडी." आणि सायकल घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मावशीचा मुलगा पुण्याहून मनाईहुकूम घेऊन आला. दापोडीपासून सायकलवर उभ्यानं पायडल मारत आला, असं लोक सांगत. धापा टाकत त्यानं नुसता कागद वर धरला.

मावशीनं आधी जमादाराच्या बायकोकडं जाऊन तिचा हात पाहिला, मग आमच्याकडं आली. सासू म्हणाली, "आता ती सुनंची एक भरून टाक बाई. अर्धा हात बरा न्हाई."

मी हात पुढं केला. मावशीनं तो धरला, उलटापालटा करून बघितला आणि सोडून दिला.

"न्हाई. हिचा हात बाकी हाय तवर मला कोन उठीवतंय बघते."

सासूनं कपाळावर हात मारला. मी मात्र अशी खूश झाले की विचारू नका.

याची किंमत पडली नाही असं नाही. जमादाराची बदली लांब कुठंतरी झाली. डेपोत यजमानांना बोलावून विचारलं, तुमच्या घरी सरकारी कामात अडथळा आला म्हणतात, बायकोला समज देणार का? हे इतके भित्रे, त्या दिवशी डबा न घेताच गेलेले. पण तिथं म्हणाले, "बायकोच्या हातातल्या बांगड्या त्या बाईच्याच आहेत. काढ म्हणणार नाही." फाटकावरचा पास गेला. मग पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात कमी पगारावर लागले. ते वाक्य त्यांनी मला स्वतः कधी सांगितलं नाही. त्यांच्याबरोबरच्या माणसाच्या बायकोकडून कळलं. त्या दिवशी मी त्यांना न मागता दोनदा चहा दिला, आणि ते समजले.

मला मुलगी झाली. बारशाला तिच्या इवल्या मनगटात काळे मणी मावशीनं बांधले.

खटला चालत राहिला. मावशीला या देशाची म्हणून कुणी मान्यता दिली नाही आणि घालवूनही दिलं नाही. दर साली मुदत वाढवून घ्यायची, दर महिन्याला चौकीत हजेरी लावायची. ती एकटी कधी गेली नाही. कधी मी, कधी अम्मा, कधी पाटलीण, कुणीतरी बरोबर असायचंच. चौकीत नवा फौजदार असला आणि त्यानं "या कोण?" असं विचारलं, तर अम्मा पदर सावरून सांगायची, "मैं कराची की हूँ, और ये चिंचवड की. लिखो." दर वेळी लिहून घेणारा गोंधळायचा.

माझ्या बांगड्या वाढल्या की मावशी नव्या भरायची. उजव्या हातात पुऱ्या, डाव्यात एक कमी. मी चिडवायची, "मावशी, आता तरी भर." ती म्हणायची, "अजून परकीच हाय की मी. ऱ्हाऊ दे." शेवटपर्यंत ती कागदावर परकीच राहिली. तिला इथंच, नवऱ्याशेजारी मूठमाती दिली. बायकांनी कबरस्तानात जायचं नसतं. आम्ही भिंतीबाहेर उभ्या राहिलो.

आता चिंचवडात इमारतीच इमारती आहेत. दूरचा कुठला स्फोट टीव्हीवर दिसला की आठवड्याभरात सोसायटीच्या फळ्यावर कागद लागतो. भाडेकरूंची माहिती चौकीत द्या, कामवाल्या बायकांचे फोटो द्या, कोण कुठून आला ते लिहा. खबरदारी घ्यावी, मी नको म्हणत नाही. पण बॉम्ब ठेवणारा फळ्यावरचा कागद वाचून फोटो द्यायला जात नाही. जाते ती तिकीट समजून पासपोर्ट सांभाळणारी बाई. मागच्या खेपेला सेक्रेटरी माझ्याकडं आला, माझ्या कामवालीचं गाव विचारायला. बंगालकडची आहे का म्हणाला. मी म्हटलं, ती माझ्या हाताखालची आहे, काय विचारायचं ते मला विचार. तो पुन्हा आला नाही.

मावशीची नातसून अजून बांगड्यांचं दुकान चालवते, चिखलीला. गेल्या वर्षी माझ्या हाताला भरायला घरी आली. तिला सगळी गोष्ट ठाऊक होती. उजवा हात झाला, डावा होत आला, आणि शेवटची बांगडी हातात घेऊन ती माझ्या तोंडाकडं बघत थांबली.

"आज्जी, आता भरू का? आता तर दादी गेल्या."

मी हात मागं घेतला आणि तिला नमस्कार केला.

"राहू दे," मी म्हणाले. "कुणाला तरी अजून उठवायला येतील."